विषय आणि विषयांतर

कीर्तनाला बसणाऱ्या श्रोत्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. बुवा पूर्वरंगांत एक अभंग घेतात, त्याचें निरूपण करतां करतां कोठल्या कोठें जातात, मध्येंच एखादा दृष्टांत देतात, बाजारांतली एखादी गोष्ट सांगून श्रोत्यांना हंसवितात. आणि आतां हे परत कसे येणार, अशी शंका मनांत येते न येते तोंच झांज वाजते आणि बुवा मूळपदावर येतात. अशा कीर्तनकाराला विषय सोडल्याचा दोष कोणी देत नाहीं. उलट अभंगाच्या चार चरणांना चिकटून बसून शब्दांचे अर्थ तेवढे सांगणाऱ्या बुवांचें कीर्तन कितीहि विषयाला धरून असलें तरी मंडळी हळूहळू उठूं लागतात. विषय कशास म्हणावें आणि विषयांतर कशास म्हणावें, याचा निर्णय पंडितांनीं काय केला असेल तो असो; सामान्य श्रोत्यानें तो मूळपद या एका शब्दांत केव्हांच करून ठेविला आहे.

या प्रश्नाची आठवण होण्यास एक लहानसें कारण झालें. आमच्या परिचयाचें हौशी आकाशप्रेमींचें एक मंडळ आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशांत उतरलें, त्यानंतर थोड्याच दिवसांनीं या मंडळाची बैठक भरली. व्याख्यान चांगलें झालें. मग एका सभासदानें एका जुन्या इंग्रजी चित्रपटांतील अंतरिक्षयानाची आठवण काढली, आणि तिच्यावर अर्धा तास मोठ्या आनंदांत गेला. त्यानंतर एका शिक्षिकाबाईंनीं विचारलें, “चंद्रावर पाणी आहे असें म्हणतात; उद्यां कोणीं तें काढलें तर तें कोणाचें?” एका वृद्ध सभासदांनीं पुस्ती जोडली कीं, ज्या विद्येनें यान वर जातें तिनेंच क्षेपणास्त्रहि जातें, त्याचाहि कधीं विचार व्हावा. अध्यक्षमहाशयांनीं घड्याळाकडे पाहिलें आणि, “हा राजकारणाचा भाग झाला, आपल्या विषयाच्या बाहेरचा आहे,” असें सौजन्यानें सांगून बैठक संपविली. बाई खालीं बसल्या. पुढच्या बैठकीस त्या आल्या नाहींत.

अध्यक्षमहाशयांना दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. अशीं मंडळें चालविण्याचा ज्याला अनुभव आहे त्याला त्यांची अडचण कळेल. चार माणसें ज्या गोष्टीच्या प्रेमानें एकत्र येतात ती गोष्ट बाजूला राहून भलत्याच वादानें मंडळें मोडल्याचीं उदाहरणें आपल्या समाजांत थोडीं नाहींत. कुंपण नसलेल्या शेतांत गुरें शिरतात, हें खरेंच आहे. प्रश्न एवढाच कीं, कुंपण कोठें घालावयाचें? त्या सायंकाळीं चित्रपटांतील कल्पित यान कुंपणाच्या आंत राहिलें आणि चंद्रावरचें खरें पाणी बाहेर गेलें. ही सीमा विषयाच्या स्वरूपावरून ठरली नव्हती. कोणती चर्चा सुखानें पार पडेल, यावरून ती ठरली होती. सोय ही विषयाची कसोटी होऊं शकत नाहीं, हें दाखविण्यासाठीं अंतरिक्षप्रवासाच्या तीन जुन्या मंडळांचा इतिहास आणि त्यांच्या भोंवतीं वाढलेलें वाङ्मय यांचा थोडक्यांत परामर्श घेण्याचें योजिलें आहे.

पहिलें मंडळ जर्मनींतील. १९२३ सालीं हेर्मान ओबेर्थ यांचा, अग्निबाणाच्या साहाय्यानें ग्रहांकडे कसें जातां येईल या विषयावरील लहानसा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानें भारलेल्या मंडळींनीं ५ जुलै १९२७ रोजीं ब्रेस्लाउ येथें, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफ येथें, अंतरिक्षप्रवासाला वाहिलेलें एक मंडळ स्थापन केलें. योहानेस विंक्लर हे त्याचे पहिले अध्यक्ष. ‘दी राकेटे’, म्हणजे ‘अग्निबाण’, या नांवाचें मासिक मंडळानें १९२९पर्यंत चालविलें. मंडळाच्या नांवांत प्रवास होता आणि मासिकाच्या नांवांत वाहन होतें; पुढील सर्व इतिहासाचें बीज या दोन नांवांतच आहे असें आम्हांस वाटतें.

आरंभीं या मंडळाची दृष्टि उदार होती. १९२९ सालीं फ्रिट्झ लांग यांनीं ‘फ्राउ इम मोंड’ हा चंद्रप्रवासाचा चित्रपट काढला, तेव्हां ओबेर्थ त्याचे शास्त्रीय सल्लागार झाले. कल्पनेच्या कलेशीं सोयरीक करण्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं. पुढें सप्टेंबर १९३०मध्यें बर्लिनच्या राइनिकेनडोर्फ भागांत दारूगोळ्याच्या एका पडीक कोठाराची जागा मिळाली. तेथें प्रयोगक्षेत्र उभें राहिलें, आणि सर्वांचें लक्ष स्वाभाविकपणेंच एका वस्तूवर एकवटलें. इंजिन पेटतें कीं नाहीं, टाकी टिकते कीं फुटते, अग्निबाण किती उंच जातो, या प्रश्नांपुढें बाकीचे प्रश्न पाल्हाळ वाटूं लागले तर नवल नाहीं. देश बेकारीनें गांजलेला होता. मंडळाजवळ पैसा नव्हता. सैन्याजवळ तो होता. १९३२ सालच्या अखेरीस मंडळाचा वीस वर्षांचा एक बुद्धिमान सभासद, वेर्नहेर फॉन ब्राउन, सैन्यासाठीं अग्निबाणांचे प्रयोग करूं लागला. मंडळ त्यानंतर लवकरच मोडलें. त्यांतील विली लेय यांनीं १९३५ सालीं देश सोडला. फॉन ब्राउन यांनीं सोडला नाहीं.

८ सप्टेंबर १९४४ रोजीं त्या कामाचें फळ लंडनवर पडलें. व्ही-२ या अग्निबाणानें ब्रिटनमध्यें अडीच हजारांहून अधिक माणसें मारलीं. आणि तो ज्या भूमिगत कारखान्यांत तयार होई तेथें राबविलेल्या छळछावणीच्या कैद्यांपैकीं जे मेले त्यांची संख्या याहूनहि पुष्कळ मोठी आहे. यास तें हौशी मंडळ कारण झालें असें म्हणणें अन्यायाचें होईल. सैन्य कोणाच्या चर्चेसाठीं थांबलें नसतें, आणि मंडळांतील प्रत्येकजण त्या वाटेनें गेलाहि नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं, “हा अग्निबाण कोणासाठीं?” असें त्या प्रयोगक्षेत्रावर कोणीं विचारलें असतें तर तो प्रश्न अवांतर ठरण्याचा संभव फार होता, आणि वस्तुतः त्या क्षेत्रावर विचारण्यासारखा त्याहून महत्त्वाचा प्रश्न दुसरा नव्हता. जेथें वाहन हाच विषय झाला तेथें प्रवास कोठें चालला आहे हें विचारणारा माणूस परका होतो.

दुसरें उदाहरण अमेरिकेचें. आणि तें आमच्या मताला प्रतिकूल असल्यामुळें अधिक काळजीनें पाहिलें पाहिजे. ४ एप्रिल १९३० रोजीं न्यूयॉर्क येथें अमेरिकन इंटरप्लॅनेटरी सोसायटी निघाली. काढणारे बहुतेक शास्त्रीय कल्पितकथांच्या मासिकाशीं संबंध असलेले लेखक होते. पहिले अध्यक्ष डेव्हिड लासर हे अशा एका मासिकाचे संपादक; अंतरिक्षप्रवासावर सामान्य वाचकांसाठीं इंग्रजींत लिहिलेल्या पहिल्या ग्रंथांपैकीं एक, ‘द काँक्वेस्ट ऑफ स्पेस’, त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केला. म्हणजे या संस्थेचा जन्मच कल्पनेच्या पोटीं झाला. परंतु चार वर्षांच्या आंत तिला आपल्या आईची लाज वाटूं लागली. एप्रिल १९३४मध्यें संस्थेनें आपलें नांव बदलून अमेरिकन रॉकेट सोसायटी असें केलें. ग्रहांवर जाण्याची कल्पना आपण सोडलेली नाहीं, परंतु जुन्या नांवानें जे कर्तबगार लोक बिचकून दूर राहतात ते या साध्या नांवानें जवळ येतील, अशी त्यामागील विचारसरणी होती.

ही विचारसरणी चुकीची ठरली असें कोणास म्हणतां येणार नाहीं. विषय आंखडल्यामुळें काम वाढलें. जेम्स वाइल्ड या सभासदानें १९३८ सालीं असें एक इंजिन सिद्ध केलें कीं, त्याच्या भिंतींभोंवतीं त्याचेंच इंधन फिरवून त्या थंड राखल्या जात. डिसेंबर १९४१मध्यें त्यानें आणि आणखी तीन सभासदांनीं मिळून एक कंपनी काढली. त्या कंपनीच्या इंजिनावर १४ ऑक्टोबर १९४७ रोजीं एका अमेरिकन विमानानें ध्वनीच्या वेगाची मर्यादा ओलांडली. गप्पा मारणाऱ्या मंडळाला हें साधलें नसतें. ज्यांना विषयाची सीमा ही नेहमींच संकुचितपणाची खूण वाटते त्यांनीं हें उदाहरण विसरूं नये. एखादें काम हातीं घेतलेल्या माणसांनीं त्या कामापुरती दृष्टि आंखडून घेणें हा दोष नव्हे, तें शहाणपण आहे.

तथापि या जमाखर्चाची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. लासर यांचें मन पुढें मंदीनें बेकार झालेल्या माणसांकडे ओढलें गेलें. त्यांच्या संघटनेचें काम त्यांनीं अंगावर घेतलें आणि १९३५ सालीं स्थापन झालेल्या कामगार-बेकारांच्या एका राष्ट्रीय संघाचे ते अध्यक्ष झाले. ग्रहांचीं स्वप्नें पाहणारा माणूस आणि भाकरीच्या रांगेंत उभें असलेल्यांसाठीं भांडणारा माणूस एकच होता. या दोहोंचा एकमेकांशीं संबंध काय, हें सांगण्याचा अधिकार त्याच्याइतका कोणाला होता? पण इंजिनाची संस्था झालेल्या त्या संस्थेच्या विषयांत या प्रश्नाला जागा राहिली नव्हती. कारखान्याला असें करण्याचा अधिकार आहे. सुशिक्षित नागरिकांच्या मंडळाला तो आहे काय, हा खरा वाद आहे. कारण असें मंडळ कांहीं बनवीत नसतें, तें समजून घेण्यासाठीं जमलेलें असतें.

आतां तिसरें मंडळ. १३ ऑक्टोबर १९३३ रोजीं फिलिप क्लीटर यांनीं लिव्हरपूल येथें ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटी स्थापन केली; जानेवारी १९३४मध्यें तिच्या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला. या संस्थेवर एक विचित्र बंधन होतें. १८७५ सालच्या स्फोटक द्रव्यांच्या कायद्यामुळें इंग्लंडांत खाजगी माणसांना अग्निबाण तयार करून उडविण्याची सोय नव्हती. हात बांधलेले असल्यामुळें या मंडळींना विचार करण्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं. १९३९ सालीं त्यांनीं माणसांना चंद्रावर नेऊन परत आणणाऱ्या यानाचा सविस्तर आराखडा आपल्या नियतकालिकांत छापला. खिशांत पैसे नसतांना कागदावर केलेला तो हिशोब आज वाचतांनाहि कौतुक वाटतें. ‘इंटरप्लॅनेटरी’ या शब्दाची थट्टा काय तिकडे झाली नसेल? परंतु या संस्थेनें नांव बदललें नाहीं. तें आजहि तेंच आहे.

केवळ स्वप्नाळू म्हणून या लोकांना बाजूस सारतां येणार नाहीं. युद्ध संपतांच यांतीलच दोघांनीं, राल्फ स्मिथ आणि हॅरी रॉस यांनीं, व्ही-२ अग्निबाणांत फेरफार करून माणसाला वातावरणाच्या बाहेर नेऊन आणण्याची योजना आंखली व १९४६च्या डिसेंबरमध्यें ती सरकारकडे पाठविली. सरकारनें ती स्वीकारली नाहीं. पण ज्या अग्निबाणानें आपलेंच शहर दोन वर्षांपूर्वीं उद्ध्वस्त केलें त्यांतच आपल्या स्वप्नाचें वाहन पाहणाऱ्या या मंडळींपुढें जर्मनींत न विचारला गेलेला प्रश्न आपल्या पायांनीं चालत आला होता. तो त्यांना टाळतां येण्याजोगा नव्हता.

तो बाहेरूनहि विचारला जात होता. सी. एस्. लुईस या ऑक्सफर्डच्या साहित्यपंडितानें १९३८ सालीं ‘आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट’ ही कादंबरी लिहिली. तींतील खलपुरुष एक पदार्थशास्त्रज्ञ असून, मानवजात ग्रहाग्रहांवर पसरली पाहिजे आणि त्यासाठीं तेथील मूळच्या रहिवाशांचें कांहींहि झालें तरी चालेल, असें त्याचें मत आहे. १९४३ सालच्या ‘पेरेलँड्रा’मध्यें तर लुईस यांनीं अशा विचारांच्या मंडळांवर उघडच शस्त्र धरलें. या संस्थेचा एक तरुण सभासद, आर्थर क्लार्क, यानें त्यांना पत्र लिहून प्रतिवाद केला आणि दोघांचा पत्रव्यवहार त्यानंतरहि चालला. कलाकृति म्हणून पाहतां लुईस यांचें चित्रण एकांगी आहे. ग्रहांवर जाऊं इच्छिणारा प्रत्येकजण वसाहतवादी लुटारूच असतो, हें गृहीत धरून ते चालतात आणि त्यामुळें त्यांच्या खलनायकाच्या तोंडीं युक्तिवादापेक्षां व्यंगचित्रच अधिक येतें. पण त्यांनीं नेमक्या मर्मावर बोट ठेविलें होतें. आणि ज्यांच्यावर टीका झाली त्यांच्यापैकीं एकानें, “हा साहित्यिक मनुष्य, याला आमच्या विषयांत काय कळतें,” असें न म्हणतां उत्तर देण्याचे कष्ट घेतले, ही गोष्ट आम्हांस त्या संस्थेच्या कोणत्याहि आराखड्याइतकीच मोलाची वाटते.

या वृत्तीचें सर्वांत चांगलें फळ म्हणजे ऑक्टोबर १९४८मध्यें ओलाफ स्टेपल्डन यांनीं क्लार्क यांच्या निमंत्रणावरून संस्थेपुढें दिलेलें व्याख्यान. स्टेपल्डन हे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक आणि ‘लास्ट अँड फर्स्ट मेन’ व ‘स्टार मेकर’ या कादंबऱ्यांचे कर्ते. अग्निबाणाच्या विद्येंत त्यांनीं कसलीहि भर घातलेली नव्हती. व्याख्यानाचें नांव होतें ‘इंटरप्लॅनेटरी मॅन?’ आणि नांवापुढें प्रश्नचिन्ह होतें. मनुष्यजातीपुढें तीन वाटा आहेत, असें त्यांनीं मांडलें: लवकरच होणारा सर्वनाश, जगभर पसरलेली एकच जुलमी सत्ता, किंवा नव्या तऱ्हेचें मानवी जग. ग्रहांवर जाण्याची विद्या यांपैकीं कोणत्या वाटेवर हातीं लागते यावर तिचें मोल अवलंबून आहे. ग्रह म्हणजे केवळ धन आणि बळ खणून काढण्याच्या खाणी, असें मानणाऱ्याला जाण्याची लायकी नाहीं. वेगवेगळ्या ग्रहांवर वेगवेगळ्या प्रकारचें मानवी जीवन फुलून त्यांचा परस्परांना उपयोग व्हावा, हा जाण्याचा हेतु असला पाहिजे, असा त्यांचा एकंदर अभिप्राय.

हें व्याख्यान निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परक्या ग्रहाच्या हवेला मानवणारी नवी माणसें घडविण्याविषयीं स्टेपल्डन इतक्या सहजतेनें बोलतात कीं, माणूस म्हणजे जणूं कुंभाराच्या चाकावरची माती. हें घडविणारे कोण आणि त्यांना तो अधिकार कोणीं दिला, ही शंका जितक्या तीव्रतेनें मनांत येते तितक्या तीव्रतेनें ती त्यांनीं विचारांत घेतलेली नाहीं; आणि ज्या पिढीनें वंशशुद्धीच्या नांवाखालीं झालेल्या कत्तली नुकत्याच पाहिल्या होत्या तिच्यापुढें बोलतांना ही उणीव अधिकच जाणवते. आत्मिक विकासाची त्यांची भाषा जागोजाग धूसर होते. परंतु एका बाबतींत हें व्याख्यान आदर्श आहे. तत्त्वचिंतनांत कितीहि दूर गेले तरी वक्ते मूळपद सोडीत नाहींत. मानवी ध्येयांविषयीं ते जें जें म्हणतात तें तें ग्रहावर जाण्याच्या कल्पनेंतून निघतें आणि तिच्यापाशींच परत येतें. विषयांतराचा आरोप त्यांच्यावर करूं पाहणाऱ्याला त्या व्याख्यानांतून ग्रह काढून दाखवावे लागतील. ते काढले तर व्याख्यान उरतच नाहीं.

येथेंच आम्हांस पाहिजे असलेली कसोटी सांपडते. कोणताहि प्रश्न विषयांत बसतो कीं नाहीं हें ठरवावयाचें असेल तर त्या प्रश्नांतून आकाश काढून पाहावें. आकाश काढल्यावर प्रश्न होता तसाच उभा राहिला तर तो खुशाल दुसऱ्या सभेंत न्यावा. आकाश काढतांच प्रश्न कोसळला तर तो आपला आहे, मग तो कितीहि अप्रिय असो. सरकारनें गरिबांवर अधिक खर्च करावा कीं नाहीं, हा प्रश्न आकाशावांचून उभा राहतो. अग्निबाण बनविणाऱ्या एखाद्या कंपनीच्या मालकाची निवडणुकींतील मतें आकाशावांचून उभीं राहतात. मात्र त्या मतांमुळें कोणतें यान कोणाच्या पैशानें कोठें जाणार हें बदलत असेल तर तेवढा भाग आपला होतो. चंद्रावरच्या पाण्याचा प्रश्न आकाशावांचून क्षणभरहि उभा राहत नाहीं. १९६७च्या आंतरराष्ट्रीय करारान्वयें चंद्रावर कोणत्याहि राष्ट्राला स्वामित्व सांगतां येत नाहीं. पण तेथून काढलेला पदार्थ काढणाऱ्याच्या मालकीचा होऊं शकतो असा कायदा अमेरिकेनें २०१५ सालीं केला, आणि चंद्राच्या वापरासंबंधीं अमेरिकेच्या पुढाकारानें झालेल्या ‘आर्टेमिस’ करारावर भारतानें जून २०२३मध्यें, म्हणजे चंद्रयान उतरण्याच्या दोनच महिने आधीं, सही केली. चंद्राच्या मातींत पाण्याचा अंश असल्याचा पुरावा तर चंद्रयान-१वरील उपकरणानेंच मिळविला होता. तो २००९ सालीं जाहीर झाला. शिक्षिकाबाईंचा प्रश्न विषयाबाहेरचा नव्हता. त्या सायंकाळच्या बैठकींतला तो सर्वांत विषयाला धरून असलेला प्रश्न होता.

ही कसोटी उदार आहे तशीच कडकहि आहे, हें लक्षांत ठेविलें पाहिजे. प्रश्न विचारणाऱ्यावरहि ती एक भार टाकते. “चंद्रावर जातां, पण गरिबांचें काय?” असा एक उद्गार काढून बसून घेणें हा प्रश्न नव्हे, तो टोमणा आहे. परंतु उपग्रहाचा गरिबाला काय उपयोग, असें विचारून जो त्याचा माग काढील तो विषयाच्या गाभ्यापर्यंत पोंचेल. आपल्या देशांत ही गोष्ट सिद्ध झालेली आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं केरळांतील थुंबा या कोळ्यांच्या गांवाहून आपला पहिला अग्निबाण उडाला, तेव्हांपासून विक्रम साराभाई यांनीं गरीब देशाला या विद्येचें प्रयोजन काय, हा प्रश्न दाराबाहेर न ठेवतां घरांत घेतला. त्यांच्या मृत्यूनंतर १९७५-७६ या वर्षांत अमेरिकेकडून उसन्या मिळालेल्या उपग्रहाच्या साहाय्यानें सहा राज्यांतील सुमारें २४०० खेड्यांत दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविले गेले. पृथ्वीबरोबर फिरत एकाच जागीं स्थिर दिसणाऱ्या उपग्रहांवरून जगभर संदेश पोंचवितां येतील, ही कल्पना क्लार्क यांनीं ऑक्टोबर १९४५मध्यें लेखरूपानें मांडली होती; तिला तीस वर्षांनीं आपल्या खेड्यांत जें रूप आलें तें, “गरिबांचें काय?” हा प्रश्न विषयांतर मानणाऱ्यांच्या हातून आलें नसतें.

आणि जो चित्रपट त्या बैठकींत अर्धा तास चघळला गेला त्याचें काय? कल्पितकथा विषयांत बसते काय? येथेंहि हीच कसोटी लावावी. आमच्या भाषेंत याचें एक सुंदर उदाहरण आहे. १९६६ सालीं स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेनें विज्ञानकथांची स्पर्धा चालविली. १९७४ सालीं त्या स्पर्धेंत नारायण विनायक जगताप या नांवानें आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पारितोषिक मिळालें. हे जगताप म्हणजे कीर्तिमान खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, हें मागाहून कळलें. विज्ञानाच्या प्रसारासाठीं निघालेल्या संस्थेनें कथेला अवांतर मानलें असतें तर नारळीकरांसारख्या मराठी कथालेखकाचा उदय त्या रीतीनें झाला नसता. पण ही कथा विषयांत बसते ती कथा म्हणून नव्हे, किंवा लेखक मोठा म्हणूनहि नव्हे. त्याचें मोठें नांव परीक्षकांपुढें नव्हतेंच. कृष्णविवर काढून घेतल्यावर ती कथा उभी राहूं शकत नाहीं, म्हणून ती विषयांत बसते. चित्रपटांतील यान कोणत्या रंगाचें होतें ही आठवण गोड असेल. पण तें आकाश काढल्यावरहि तशीच गोड राहते.

तीन मंडळांच्या या इतिहासावरून आम्हांस जें दिसतें तें असें. कुंपण हवें, यांत वाद नाहीं. परंतु तें प्रश्नांच्या जातीवरून घालूं नये. राजकारण बाहेर, नीति बाहेर, कथा बाहेर, अशा पाट्या दारावर लावल्या कीं आंत वाहन तेवढें राहतें. आणि वाहनाला स्वतःची दिशा नसते. जर्मन मंडळाजवळ बुद्धि कमी नव्हती. इंग्लंडच्या मंडळाजवळ पैसा नव्हता, प्रयोगाची परवानगी नव्हती, आणि त्याचें नांव लोकांच्या थट्टेचा विषय होतें; तरी एका कादंबरीकाराला बोलावून, आपण जेथें जाऊं म्हणतों तेथें जाण्यास आपण योग्य आहों काय, हें विचारूं देण्याइतकें धैर्य त्याच्याजवळ होतें. त्या नियतकालिकाच्या जुन्या अंकांतील कित्येक आंकडे आज कालबाह्य झाले आहेत. तो प्रश्न झालेला नाहीं.

आमच्या परिचयाच्या त्या मंडळाचे अध्यक्ष सज्जन आहेत, आणि हा लेख त्यांच्या दृष्टीस पडण्याचा संभव आहे. त्यांनीं त्या दिवशीं काय करावयास हवें होतें, असें ते आम्हांस विचारतील. मोठें कांहीं नको होतें. “बाई, हा प्रश्न आपलाच आहे, पण त्याचा विचार केलेला माणूस आज आपल्यांत नाहीं. पुढच्या बैठकींत तुम्हींच करारांचीं कलमें वाचून पंधरा मिनिटें बोला,” एवढें म्हटलें असतें तर बैठक वेळेवर संपली असती, वाद माजला नसता, आणि प्रश्नाचा भार विचारणारीवर योग्य रीतीनें पडला असता. बाई पुढच्या बैठकीस आल्या असत्या. त्यांना निरोप पाठविण्यास अजूनहि उशीर झालेला नाहीं.